मोठ्या लाटेची धास्ती

पत्र थोडक्यात: वाचक ३९ वर्षांच्या, पुण्यात नोकरी करतात. दोन हिवाळ्यांपूर्वी गोव्यात हरमलला सर्फिंगचा पहिला धडा घेतला आणि वेड लागलं. तेव्हापासून सुट्टी मिळेल तशी कर्नाटकात मुल्कीची वारी, पुढचं शिक्षण तिथेच. भाड्याच्या आठ फुटी फोमच्या बोर्डवर गुडघ्या-कमरेएवढी लाट कोणी ढकलून न देता पकडता येते, उभं राहता येतं, थोडं वळताही येतं. गेल्या मे महिन्याच्या शेवटी मुल्कीलाच छाती-खांद्याएवढ्या लाटांत गेल्या आणि पडल्या. वर येऊन श्वास घेणार तोच दुसरी लाट डोक्यावर फुटली. इजा काही झाली नाही. पण आता कमरेवरची लाट येताना दिसली की हात थांबतात आणि लाट खालून निघून जाते. "मिनिटभर तरी पाण्याखाली होते," असं त्या लिहितात. मित्राने किनाऱ्यावरून काढलेल्या व्हिडिओत मात्र पहिल्यांदा डोकं वर यायला सात-आठ सेकंद लागलेले दिसतात. ते त्यांना पटत नाही. शिकवणारा मुलगा सांगतो, "डोकं बंद करा आणि पॅडल मारा" (म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मागे ढकला). येत्या ऑगस्टमध्ये ग्रुपने श्रीलंकेत अरुगम बेला जायचं ठरवलंय, आणि ग्रुपमधले सगळे त्यांच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. त्यांचे प्रश्न: भीती मनातून कायमची कशी काढायची? या वयात आत्मविश्वास येतो का? नसेल येत तर तिकीट रद्द करू का? शिवाय ता. क. : एक मित्र त्याचा सहा फुटी बोर्ड विकतोय, मोठ्या लाटांसाठी तो घ्यावा का?

नमस्कार,

पत्रात तुम्ही 'त्याच किनाऱ्यावर' हे शब्द तीनदा लिहिले आहेत. जिथे शिकले त्याच किनाऱ्यावर घाबरले, जिथे शाळेतली पोरं खेळतात त्याच किनाऱ्यावर माझी अशी गत झाली. स्वतःवरच्या तुमच्या रागाचं मूळ मला तिथे दिसतं, म्हणून आधी तेच धरते. किनारा तोच होता, कबूल. समुद्र मात्र तो नव्हता.

डिसेंबर ते मार्च अरबी समुद्र गोवा-कर्नाटकच्या किनाऱ्याशी गुण्यागोविंदाने राहतो. लाटा लहान, सकाळचा वारा जमिनीकडून. नवख्याला याहून बरे दिवस नाहीत. एप्रिल लागला की हे बदलायला लागतं. खाली दक्षिण महासागरात वादळं होतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागतात. याच दिवसांत केरळात आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, आणि तरी समुद्राचं पाणी घरांत शिरलं अशा बातम्या येतात. तिथले मच्छीमार त्याला कळ्ळक्कडल म्हणतात, आणि हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था त्याचे इशारे देते. मेच्या अखेरीस त्यात मान्सूनच्या वाऱ्याने ढवळलेल्या पाण्याची भर. तुम्ही शिकलात जानेवारीच्या समुद्रात आणि उतरलात मे महिन्याच्या.

लाटेबद्दल बोलताना जो तो उंची विचारतो, किती फूट? दोन लाटांमध्ये किती सेकंद आहेत हे विचारणारा विरळा. हिवाळ्यात जवळपासच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा सहा-सात सेकंदांनी येतात, दुरून आलेल्या चौदा-पंधरा सेकंदांनी. समुद्राच्या अंदाजात दोन्हींपुढे 'एक मीटर' लिहिलेलं असू शकतं. पण उंची सारखी असताना सेकंद दुप्पट झाले की लाट जवळपास दुप्पट शक्ती घेऊन येते, आणि तिची हालचाल खोल पाण्यापर्यंत पोचलेली असल्यामुळे उथळ जागी ती जास्त उंच होऊन फुटते. उंचीचा हिशोब आणखी कडक आहे. कमरेएवढी लाट खांद्याएवढी झाली की डोळ्याला दीडपट दिसते, अंगावर येते ती दुपटीहून जास्त, कारण ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढते. त्यात सेकंदही दुप्पट असतील तर चौपटीच्या पुढे गेलात. शिवाय अंदाजातली उंची म्हणजे सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून एखादी लाट त्याच्या दुपटीच्या आसपासही जाते, आणि त्यात कोणाची चूक नसते.

तुमच्या अंगाने हा सगळा हिशोब आकडे न मांडता केला आणि हात थांबवले. म्हणून 'भीती कायमची कशी काढायची' या तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर आहे: काढू नका. कोळीवाड्यात पावसाळा लागला की होड्या वर ओढतात. आता १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारी बंदी असते, ती माशांच्या विणीसाठीही आहे हे खरं, पण बंदी नव्हती तेव्हाही नारळी पौर्णिमेआधी खवळलेल्या समुद्रात कोणी हौसेने होडी लोटत नव्हतं. त्यांना कोणी भित्रं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. तुम्ही मात्र स्वतःला पत्रभर तेच म्हणत आलात.

आता 'डोकं बंद करा' या वाक्याकडे येऊ. शिकवणाऱ्या मुलावर रागावू नका, त्याच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. लाट पकडताना अर्धवट मन सगळ्यात धोक्याचं. तुम्ही चार हात मारता आणि कच खाता. तोवर लाट मागून तुम्हाला उचलून माथ्यावर घेते. बोर्डचं नाक खाली, शेपूट वर, उतार भिंतीसारखा उभा, आणि उठून उभं राहायची वेळ निघून गेलेली. नोजडाइव्ह, म्हणजे बोर्डचं नाक पाण्यात घुसून पडणं, होतो तो बहुतेक वेळा असा. पूर्ण जोर लावून आणखी दोन हात मारले असते तर तीच लाट थोडी आधी, मवाळ उतारावर मिळाली असती.

तेव्हा जायचं की नाही हे लाट चार-पाच बोर्ड लांब असतानाच ठरवायचं. नाही ठरलं तर बोर्ड तिच्याकडे वळवून तिच्या माथ्यावरून पलीकडे जायचं आणि कोणाला कारण द्यायचं नाही. हो ठरलं, की मग त्या मुलाचं वाक्य लागू, पण तेवढ्या तीन-चार सेकंदांपुरतं. तेव्हा नजर नाकाकडे नको. लाट जिकडे अजून फुटलेली नाही त्या बाजूला हवी. उरलेला सगळा वेळ डोकं चालू लागतं. सेट (लागोपाठच्या मोठ्या लाटांचा गट) येतोय का, प्रवाहाने आपण किती सरकलो, मागे कोणी आहे का, दम किती उरलाय. डोकं बंद करून तासभर समुद्रात बसणारा माणूस मला सोबतीला नको.

व्हिडिओचं म्हणाल तर तुमचं मिनिट आणि मोबाइलमधले सात-आठ सेकंद, दोन्ही खरं आहे. पडण्याआधी तुम्ही जिवाच्या आकांताने पॅडल मारत होतात, म्हणजे दम आधीच लागलेला. पडताना किंचाळलात (हे तुम्हीच लिहिलंय), म्हणजे छातीतली हवा गेली. नाकात पाणी शिरलं, वर कुठे आणि खाली कुठे कळेना. अशा अवस्थेतले सात सेकंद आणि सोसायटीच्या तलावात शांतपणे बुडी मारून काढलेले सात सेकंद यांचा काही संबंध नाही. तरीही तो आकडा तुमच्या कामाचा आहे. छाती-खांद्याएवढी लाट माणसाला साधारण काही सेकंदच खाली ठेवते. तुम्हाला तेवढेच सेकंद ओळखीचे करून घ्यायचेत, मिनिटभर श्वास कोंडायला कोणी सांगितलेलं नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय असं वाटतं. धक्का पहिल्या लाटेने दिला नाही, दुसरीने दिला. लाटा सेटने येतात, तीन-चार मोठ्या लागोपाठ आणि मग बराच वेळ शांतता. सेटमधली पहिली लाट घेऊन पडलात की मागच्या दोन-तीन लाटांची आंघोळ ठरलेली. शेवटची घेऊन पडलात तर वर येता तेव्हा समोर सपाट पाणी. मे महिन्यात तुम्ही पहिलीच लाट घेतलीत. जाणत्यांनाही मोह होतो, कारण बराच वेळ वाट पाहून ती आलेली असते. तिला जाऊ द्या. पाण्यात उतरण्याआधी वीसेक मिनिटं वाळूत बसून मोजा: सेटमध्ये किती लाटा, दोन सेटमध्ये किती वेळ, सगळ्यात मोठी कुठे फुटते, कुठे फुटतच नाही. ग्रुप 'चल ना, चल ना' करेल. करू द्या.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की तुम्ही उभं राहायला शिकलात, पडायला कोणी शिकवलंच नाही. गुडघ्याएवढ्या लाटेत त्यावाचून अडलं नाही, म्हणून ही उणीव दिसली नाही. तुमच्यासारख्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात अडकलेल्या अनेकांची हीच गोष्ट असते. आत्मविश्वास म्हणजे 'मी पडणार नाही' अशी खात्री असं आपण समजतो, आणि समुद्रात ती खात्री कोणालाच नसते. पडल्यावर पुढे काय होतं हे पाठ असलं की हात आपोआप चालतात.

तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मुल्कीला गेलात की पहिला अर्धा तास उभं राहायचं नाही, पडायचं. कमरेएवढ्या पाण्यात, फेसाळ लाटेवर, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून. बोर्डवरून मागे किंवा बाजूला पडा, पुढे कधीच नाही. अंग पसरून, पाठीवर किंवा कुशीवर, पाण्यात कमीत कमी खोल जाल असं. सूर मारायचा नाही, पायही सरळ खाली रोवायचे नाहीत. कारण साधं आहे: लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोल पाण्यात फुटते. छातीएवढी लाट फुटली तिथे पाणी जेमतेम दीड मीटर असणार, आणि डोकं आधी गेलं तर वाळूही दगडासारखी लागते. पडलात की दोन्ही हात डोक्याभोवती, कोपरं चेहऱ्यासमोर. मग धडपड नाही. लाट घुसळत असताना हातपाय मारून वर येता येत नाही, फक्त दम जातो. मनात सावकाश मोजा, एक, दोन, तीन. घुसळण सैल पडलेली कळते. तेव्हा वर या, आणि एक हात डोक्याच्या वर धरूनच या, कारण लीशच्या, म्हणजे पाय आणि बोर्ड बांधणाऱ्या दोरीच्या ताणाने बोर्ड परत उसळून तोंडावर येतो. वर आल्यावर आधी समुद्राकडे पाहायचं, बोर्डकडे नंतर. पुढची लाट येत असेल तर एक श्वास घेऊन खाली जायचं. येत नसेल तर लीश ओढून बोर्डवर पोट टाकायचं.

हे इतक्या वेळा करा की कंटाळा आला पाहिजे. कंटाळा ही फार चांगली खूण आहे, कारण घाबरलेल्या माणसाला कंटाळा येत नाही.

त्यानंतर टर्टल रोल. आठ फुटी फोमचा बोर्ड लाटेखाली दाबून नेता येत नाही, त्यामुळे बाहेर जाताना फुटलेली लाट आली की बोर्ड समुद्राकडे सरळ धरायचा, कडा घट्ट पकडायच्या, स्वतः उलटं होऊन पाण्याखाली जायचं, बोर्ड छताप्रमाणे वर. लाट गेली की पुन्हा उलटायचं. कमरेएवढ्या फेसात हे छान जमतं. त्याहून मोठ्या फेसात बोर्ड हातातून सुटतोच, तेव्हा ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं: सेट संपल्यावर निघा. आणि बोर्ड कधीही आपल्या आणि किनाऱ्याच्या मध्येच असू द्या, आपल्या आणि लाटेच्या मध्ये नको. नवख्यांना लागतं ते बऱ्याचदा स्वतःच्याच बोर्डने.

पोहण्याबद्दल तुम्ही एका ओळीत 'पोहता येतं' एवढंच लिहून पुढे गेलात. मला तिथे थांबायचंय. समुद्रात, बोर्डशिवाय, पाय टेकत नाहीत अशा पाण्यात कधी पोहलायत का? उत्तर 'नाही' असेल तर तुमच्या भीतीचा निम्मा भाग लाटेचा नाहीच. तो लीश तुटली तर काय, याचा आहे, आणि तो अगदी रास्त आहे. तलावात न थांबता ४०० मीटर, कुठल्याही वेगाने, ही मी किमान पातळी मानते. ती गाठली की शांत दिवशी, जीवरक्षक ड्यूटीवर असताना, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात कोणाला तरी सोबत घेऊन पोहा. बोर्ड गाडीत राहू द्या.

तलावात आणखी एक सराव करता येईल. एक लांबी जोरात पोहा, दम लागलेला असतानाच एक साधा श्वास घेऊन काठाचा बार धरून पाण्याखाली जा आणि सावकाश पाचपर्यंत मोजा. काही आठवड्यांनी आठ, मग दहा. त्यापुढे जायची गरज नाही. काठावर तुमच्याकडेच पाहणारं माणूस हवं, मोबाइलकडे पाहणारं नको. एकट्याने हे अजिबात करायचं नाही, आणि आधी भराभर खोल श्वास घेण्याचा तो इंटरनेटवरचा प्रकार तर नाहीच. त्याने श्वास घ्यायची ऊर्मी दबते आणि माणूस कसलीही सूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध होतो. चांगले पोहणारे, तरुण लोक असे गेलेले आहेत.

रिपबद्दल, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्रात ओढणाऱ्या प्रवाहाबद्दल थोडक्यात, कारण त्याची धास्ती बऱ्याच पत्रांत असते. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला एक पट्टा गडद, शांत, फेस समुद्राकडे वाहून नेणारा दिसतो, तो रिप. पोहायला उतरलेले पर्यटक नेमके तिथे जातात, कारण तिथे लाटा नसतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ भिडू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, बोर्ड सोडू नका, हात वर करून मदत मागा. अनुभवी सर्फर याच पट्ट्यातून बिनश्रमाने बाहेर जातात. पण तुमच्या सोबतच्यांनी 'इथून सोपं आहे' म्हणून नेलं, तर परत कुठून यायचं हे आधी विचारा.

लाट वाढवायची कशी, तर एका वेळी एकच गोष्ट बदलून. ओळखीच्या किनाऱ्यावर, ओळखीच्या बोर्डवर थोडी मोठी लाट. किंवा नव्या किनाऱ्यावर जुनीच कमरेएवढी. नवी जागा, नवा बोर्ड आणि नवी उंची एकाच सकाळी नको. मधली पायरी म्हणून, छातीएवढ्या लाटा असतील त्या दिवशी शिकवणाऱ्याला घेऊन बाहेर जा आणि लाट घेऊच नका. लाटा जिथे फुटत नाहीत त्या बाजूला, लाटेच्या कडेला (सर्फर तिला लाटेचा खांदा म्हणतात) बसा. सेट खालून जाऊ द्या. उंच उचललं जाण्याची, मागून पाणी कोसळण्याच्या आवाजाची अंगाला सवय होऊ द्या, आणि परत या. ग्रुपमधलं कोणी विचारलं 'किती घेतल्या?' तर 'शून्य' सांगायला जड जाईल, हे मला माहीत आहे. सांगा तरी.

बाकी सगळे बिनधास्त आहेत हे तुम्ही कशावरून ठरवलंत? पत्रात त्यातल्या एकाशीही तुम्ही याबद्दल बोलल्याचं दिसत नाही. ब्राझीलची सर्फर माया गबेरा २०१३ साली पोर्तुगालमध्ये नाझारेला, तिथल्या प्रचंड लाटांत बुडता बुडता वाचली, बेशुद्धावस्थेत तिला किनाऱ्यावर आणून शुद्धीवर आणावं लागलं. पुढे पाठीच्या शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक वर्षं गेली. २०१८ मध्ये तिथेच तिने ६८ फुटी आणि २०२० मध्ये साडेत्र्याहत्तर फुटी लाटेवर महिलांचा विक्रम केला. हे उदाहरण प्रेरणा म्हणून देत नाहीये, आपला आणि त्या लाटांचा काडीचा संबंध नाही. सांगायचंय ते एवढंच, की तिथले लोक हवा भरणारी जाकिटं घालतात, मागे जेट-स्कीवर ओढून काढणारा साथीदार ठेवतात आणि पाण्याखाली अडकल्यावर काय करायचं याचा वर्षभर सराव करतात. भीती गेली असती तर एवढा खटाटोप कोणी केला नसता. तुमच्या छातीएवढ्या लाटेसाठी तुम्ही काहीच तयारी न करता फक्त हिंमत मागताय.

वयाचं म्हणाल तर ३९ हे पाय टाकायला उशीर झाल्याचं वय नाही, पण खांदे आणि कंबर पंचविशीतल्या पोरांसारखे एका रात्रीत भरून येत नाहीत. लागोपाठ चार दिवस पाण्यात काढण्यापेक्षा दिवसाआड उतरा. दमलेल्या हातांनी कच खाल्ली की आपण त्याला भीतीचं नाव देतो. एक जपायचं: रात्री त्या प्रसंगाने दचकून जाग येत असेल, तलावात डोकं खाली घालतानाही छाती धडधडत असेल, तर हे सगळे सराव बाजूला ठेवा आणि आधी समुपदेशकाला भेटा. पत्रावरून तसं वाटत नाही, पण वाचणाऱ्यांत कोणाचं तसं असू शकतं.

आणि मोठ्या लाटा घ्यायलाच हव्यात असं तुम्हाला कोणी सांगितलं? कमरेएवढ्या लाटेवर लांबवर तिरकं जाणं, बोर्डवर पुढे-मागे चालणं, ठरवलेल्या जागी वळणं, यात माणसाचं आयुष्य सुखात जातं. मी स्वतः त्याच पंथातली आहे. तुम्हाला खरोखर ती उंची हवीय की ग्रुपचा फोटो हवाय, हे तपासून पाहा. उंची हवी असेल तर वरची सगळी मेहनत सार्थकी लागेल. फोटोसाठी ती करावीशी वाटणारच नाही, आणि तेही कळलेलं बरं.

अरुगम बेचं तिकीट रद्द करू नका. ऑगस्टला सहा महिने आहेत. मार्चअखेरपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर पडण्याचा सराव. एप्रिल-मेमध्ये जायचंच तर आधी अंदाजातले सेकंद पाहून. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्याचं नाव काढायचं नाही, तलावात पोहायचं. फारच हात शिवशिवले तर चेन्नईजवळ कोवलम किंवा महाबलीपुरम, तिथे हे दिवस सर्फिंगचे असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा महाबलीपुरमलाच झाली.

अरुगम बेला पोचल्यावर ग्रुप पहिल्याच दिवशी मेन पॉइंटकडे धावेल. तिथे खाली खडक आणि प्रवाळ आहे, आणि ऑगस्टमध्ये गर्दी मरणाची. तुम्ही व्हिस्की पॉइंट किंवा पीनट फार्मला जा. तिथल्या लाटा तुलनेने मवाळ, खाली बरीचशी वाळू, आणि शिकणाऱ्यांची वर्दळ असल्यामुळे कोणी तुमच्याकडे पाहत बसत नाही. या सगळ्या लाटा उजवीकडे जाणाऱ्या आहेत. तुम्ही डावा पाय पुढे ठेवत असाल तर तोंड लाटेकडे राहील, सोपं जाईल. उजवा पुढे असेल तर पाठ लाटेकडे येईल आणि तीच लाट अर्ध्या फुटाने मोठी वाटेल, तेव्हा उजवीकडे जायचा सराव मुल्कीपासूनच सुरू करा. आणि ग्रुपला हे आत्ताच, तिकिटाच्या गप्पा चालू असताना सांगून टाका: 'मी वेगळ्या पॉइंटवर असेन, संध्याकाळी भेटू.' तिथे ओल्या अंगाने, सगळे घाईत असताना सांगायला गेलात तर तुम्हीच माघार घ्याल.

सहा फुटी बोर्ड घेऊ नका. मोठ्या लाटेला छोटा बोर्ड लागतो हा ग्रुपमधल्या गप्पांतला समज आहे. छोट्या बोर्डला तरंगायला कमी जागा, पॅडल मारायला जास्त ताकद, आणि लाट उशिरा पकडली जाते, म्हणजे तुम्हाला जिथे पडायची भीती आहे नेमक्या त्याच उभ्या उतारावर तो घेऊन जाईल. आठ फुटीवर छातीएवढी लाट सवयीची झाली की साडेसातचा विचार करू. ते पैसे श्रीलंकेत दोन-तीन दिवस स्थानिक गाइड घेण्यात घाला, आणि थोडे स्वतःच्या आठ फुटी लीशवर. भाड्याच्या बोर्डला लावलेली लीश वापरायची वेळ आली तर आधी हाताने ओढून पाहा. वेल्क्रो झिजलेला असेल किंवा दोरीला चीर गेलेली असेल तर बदलून मागा. त्यांच्याकडे दुसरी असते, मागितल्याशिवाय देत नाहीत एवढंच.